कमरेची रेघ

बॉक्सिंगमध्ये रेफरीचं पहिलं काम चड्ड्या बघण्याचं असतं. थट्टा करत नाही. सामना सुरू होण्याआधी दोघांना रिंगच्या मधोमध बोलवायचं, दोघांच्या कमरपट्ट्याला हात लावायचा आणि बजावायचं की इथून वर मारा, इथून खाली नाही. पट्टा बेंबीच्या वर चढवलेला दिसला तर खाली घ्यायला लावायचा. कारण त्या पट्ट्यावर दोन नियम टेकलेले असतात. पहिला शाळकरी पोरालाही ठाऊक असतो, की पट्ट्याखाली ठोसा मारायचा नाही. दुसरा कित्येकदा खेळणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसतो. मार चुकवताना आपलं डोकं समोरच्याच्या पट्ट्याच्या खाली न्यायचं नाही. तितकं खाली गेलेलं डोकं वर येताना समोरच्याच्या हनुवटीवर आदळतं, नाहीतर समोरच्याचा ठोसा मानेमागे बसतो. म्हणजे नियम वेडगळ नाही. तो लावणारा कसा आहे यावर सगळं असतं, आणि त्या दिवशी लावणारा मी होतो.

मी यवतमाळात एका सरकारी कचेरीत कारकून आहे. वडील कारकून होते, आजोबाही. आमच्या घरात पोरगं जन्माला आलं की त्याची मूठ उघडून पेन कुठे बसेल तेवढं बघतात. मी कॉलेजात ती मूठ मिटलेलीच ठेवली, चार वर्षं बॉक्सिंग केलं, दोन पदकं आणली, नाक मोडून घेतलं आणि मग गुमान नोकरीला लागलो. खेळ सुटला, रिंग सुटली नाही. रेफरीची परीक्षा दिली. आधी हौशी पोरांचे सामने चालवले, नंतर व्यावसायिक. आमच्याकडे हे व्यावसायिक सामने म्हणजे फार थाट नसतो. लग्नाच्या तारखा नसतील तेव्हा एखादं मंगल कार्यालय घेतात, जिथे स्टेज असतो तिथे पंच बसतात आणि मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाची झेंडूची माळ वाळत लटकलेली असते. रेफरी मोजके. त्यामुळे वर्षातून तीन-चारदा मी पांढरा शर्ट आणि काळा बो घालून आत उभा राहतो. बायको म्हणते, बँडवाल्यासारखे दिसता.

मला माझ्याबद्दल एक मोठा अभिमान होता, तोही सांगून टाकतो. मी नियमाचा माणूस. कचेरीत नियमावर बोट ठेवणारा, रिंगमध्येही तसाच. बारा-तेरा वर्षांत कुणी मला विकत घेतलं नाही. कुणी तसा प्रयत्नही केला नाही हे खरं, पण अभिमानाला तेवढ्या बारकाव्याची गरज नसते.

तो सामना यवतमाळला झाला, डिसेंबरातल्या एका दुपारी. एका बाजूला वणीचा एक बॉक्सर होता, सव्वीस वर्षांचा, ठेंगणा, छातीनं रुंद. मूळचा पांढरकवड्याकडच्या एका तांड्यावरचा, पण वणीत टायरच्या दुकानात कामाला. कोळशाचे टिप्पर दिवसभर त्या दुकानापुढे उभे राहायचे आणि हा त्यांच्या खाली. बॉक्सिंगही त्यानं तिथेच, खाणीतून निवृत्त झालेल्या एका जुन्या पैलवानाकडे शिकलेलं. उंची कमी, म्हणून त्या कोचनं त्याला एकच विद्या मन लावून शिकवली होती: वाकायचं. गुडघ्यातून खाली जायचं, ठोसा डोक्यावरून जाऊ द्यायचा आणि वर येताना पोटात मारायचं. चार सामने खेळला होता, चारही जिंकला होता. हैदराबादच्या आयोजकांनी त्याला सांगितलं होतं की हा पाचवा हरला नाहीस तर आमच्याकडे ये, वर्षाचे सामने पक्के. त्यांना न हरलेला खेळाडू हवा होता. जिंकलाच पाहिजे असंही नव्हतं, बरोबरी चालणार होती. एवढंच त्याचं पणाला लागलेलं होतं, आणि ते सभागृहात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

समोरचा मोठ्या शहरातला, त्याच्यापेक्षा वीतभर उंच. पोस्टरवर त्याचाच फोटो. त्यानं चमकीची चड्डी बरगड्यांपर्यंत ओढून घातली होती. मी त्याच्या पट्ट्याला हात लावला. वर आहे हे माझ्या बोटांना कळलं, डोळ्यांना दिसलं. माझ्या तोंडून ‘खाली घे’ एवढे दोन शब्द निघायला हवे होते. तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसला, म्हणाला, "रेडी सर." मीही म्हणालो, रेडी. 

आता ठेंगण्या माणसाचं गणित बघा. समोरच्याचा पट्टा बरगड्यांना, म्हणजे याच्या जवळजवळ खांद्याच्या उंचीवर. हा जरा गुडघ्यात वाकला की डोकं पट्ट्याच्या खाली. पहिल्या राऊंडपासून तो वाकू लागला आणि पहिल्या राऊंडपासून मी त्याला टोकू लागलो. "डोकं वर. डोकं वर ठेव." तो दरवेळी मान हलवून "हो सर" म्हणायचा. तिसऱ्या राऊंडला मी खेळ थांबवून ताकीद दिली. चौथ्याला त्याचा एक गुण कापला, तिन्ही पंचांकडे बोट दाखवून, खणखणीत. त्यानंतर तो वाकायचा कमी झाला आणि मार खायचा वाढला. पाचवा, सहावा राऊंड गेला. दोन पंचांच्या कागदावर तो एका गुणानं हरला, तिसऱ्याच्या कागदावर जिंकला. मी कापलेला गुण धरला नसता तर त्या दोन कागदांवर बरोबरी होती, म्हणजे सामनाच बरोबरीत सुटला असता. जिंकला म्हणून उंचाचा हात वर करताना मला हे कळलेलं होतं. वाईट वाटलं नाही. नियम तो नियम.

त्याचा कोच खाली माझी वाट बघत होता. तो ओरडला नाही. म्हणाला, "साहेब, तो वरून मानेवर कोपर देऊन दाबून राह्यलता, अन् तुम्ही आमच्या पोट्ट्याले म्हणत होते खाली जाऊ नको. तो कुठं गेलता खाली? त्याले नेलं."

मी म्हटलं, तक्रार असेल तर लेखी द्या. हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं आहे, कचेरीतही दिवसातून दहादा निघतं.

त्यानं खरंच लेखी दिली. यवतमाळच्या आयोजकांच्या समितीनं मला कळवलं, पंधरा दिवसांत खुलासा द्या. रेफरीनंच कबूल केलं की नियम लावण्यात चूक झाली, तर समिती निकाल बदलून बरोबरी देऊ शकत होती. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्यावर बदलत नाही, फक्त रेफरीच्या. मी दुसऱ्याच दिवशी अर्धं पान लिहिलं. त्यात ‘वारंवार सूचना देऊनही’ होतं, ‘नियमास अनुसरून’ होतं, ‘सबब’ सुद्धा होतं. बत्तीस वर्षं तेच लिहीत आलो. असं अर्धं पान लिहिलं की समोरच्याला पुढे बोलायला जागा राहत नाही. मी ते ईमेलनं पाठवलं आणि विषय संपवला.

विषय बायकोनं उकरला. तिच्या भाच्यानं त्या सामन्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तिला पाठवला होता, काका कसे दिसतात ते बघ म्हणून. रविवारी सकाळी ती मटार सोलत तो बघत बसली. तिला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अहो, हा लंबा माणूस त्याच्या मानेवर हात ठेवून दाबून राह्यला. हे चालते काय?"

"नाही चालत."

"मग त्याले काहून नाही टोकलं? बुटक्यालेच टोकून राह्यले तुम्ही, डोकं वर, डोकं वर. तो डोकं वर करन कसा, त्यावर हात असल्यावर?"

मी तिला म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं. ती म्हणाली, काही नाही कळत, म्हणून तर विचारून राह्यले. आणि पुन्हा मटार सोलू लागली. मला इतका राग आला की चहा अर्धा टाकून मी बाहेर अंगणात जाऊन स्कूटर पुसली. ती आदल्या दिवशीच पुसलेली होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी तो व्हिडिओ बघितला. मग पुन्हा बघितला, कागद-पेन्सिल घेऊन. मी त्याला सतरा वेळा टोकलं होतं. त्या सतरांपैकी अकरा वेळा उंचाचा कोपर किंवा हात त्याच्या मानेवर होता. मानेवर रेलणं, डोकं दाबणं हाही गुन्हाच, नियमांच्या पुस्तकात त्याच पानावर लिहिलेला. त्यासाठी मी उंचाला किती वेळा टोकलं? एकदाही नाही. आणि दुसऱ्या राऊंडला तो उंच स्वतः डोकं पार याच्या मांडीपाशी नेऊन सुटला होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, तरी तोंड उघडलं नाही. तिथे माझा चेहरा स्पष्ट दिसतो. मी कौतुकानं बघतोय.

विकला गेलो असतो तर बरं, असं मला त्या टेबलाशी बसून वाटलं. विकल्या जाणाऱ्याला निदान कळतं तरी की आपण काय करतोय. मी प्रामाणिकपणे केलं होतं. मला खरोखर तो उंच माणूस खेळताना दिसला आणि ठेंगणा चुकताना दिसला. त्या दुपारी समोरच्या खिडकीत एक माणूस टोपी हातात घेऊन उभा होता, अर्जावर एक सही राहिली म्हणून मी त्याला सकाळी परत पाठवलेला. आणि माझ्याच टेबलाशेजारी खुर्ची ओढून रस्त्याच्या कामाचा एक गुत्तेदार बसलेला, ज्याच्या फाइलीत तीन कागद कमी होते. त्याला मी म्हटलं होतं, आणून द्या सावकाश. जो वाकून उभा असतो तो मला आधीच चुकलेला वाटतो. नियम मी दोघांनाही लावतो, फक्त एकाचा कागद उघडून बघतो आणि एकाचा बघत नाही. बळी तो कान पिळी म्हणतात. पण बळी माणूस स्वतः कान पिळायला येतच नाही, ते काम माझ्यासारखे करतात.

खुलासा बदलायला अजून आठ दिवस होते. एक ओळ पुरली असती: माझ्याकडून नियम एकतर्फी लावला गेला. मी तीनदा लिहायला बसलो. ‘माझ्याकडून’ लिहिलं की हात थांबायचा. लोक म्हणतील मागचेही सामने तपासा. तरुण रेफरी हसतील. खरं कारण याहून लहान होतं. पाठवलेला कागद मी आयुष्यात कधी मागे घेतलेला नव्हता.

मग मी जे केलं ते माझ्यासारखा कारकूनच करू जाणे. आमच्याकडे चूक कचेरीची असली तरी फाइल दुरुस्त करत नाहीत, अर्जदाराला प्रेमानं बसवून सांगतात की पुढच्या वेळी असं असं करा. मी शनिवारी एसटीनं वणीला गेलो आणि विचारत विचारत त्या टायरच्या दुकानात पोहोचलो. तो टिप्परखालून सरपटत बाहेर आला, मला बघून हात फडक्याला पुसले आणि स्वतः स्टूल आणून ठेवलं. मी रागाची, निदान रुसव्याची तयारी करून गेलो होतो. त्यानं चहा मागवला.

"तुमच्यावर राग नाही सर," तो म्हणाला. "याडी इचारत होती," याडी म्हणजे त्याची आई, "का ते काळ्या बो-वाले सर तुह्यावरच काहून भडकत होते. म्या म्हटलं, माहीच चूक होत असन."

इथे मला सांगता आलं असतं. शब्द ओठांशी आले होते आणि मी चहाचा घोट घेतला.

तो म्हणाला, "सर, मले एक समजावून सांगा न. नेमकं किती वाकलं त चालते? मी तसाच वाकीन."

मी उठलो. त्या दुकानात, कोळशाच्या धुळीत, मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि हातानं त्याच्या छातीवर एक आडवी रेघ दाखवली. म्हटलं, सुरक्षित राहायचं तर याच्या खाली जाऊच नकोस. वाकायची सवयच सोड, हात वर ठेवून सरळ उभं राहून खेळ, म्हणजे कुणी तुला टोकणार नाही. तो मन लावून ऐकत होता. मी दोनदा करून दाखवलं. त्यानंही करून दाखवलं. परतीच्या एसटीत मला इतकं हलकं वाटलं की करंजी गावाजवळ मी डब्यातल्या पोळ्या काढून खाल्ल्या. खुलाशाची मुदत बुधवारी संपली. हैदराबादवाल्यांनी दुसरा माणूस घेतला.

पुढचा सामना दहा महिन्यांनी वणीतच झाला, एका शाळेच्या मैदानात मंडप टाकून. रेफरी मीच. नाही म्हणता आलं असतं. पण मला वाटत होतं, या वेळी मी दोघांकडे सारखं बघणार आहे, आणि ते त्याच्याच सामन्यात व्हावं. पट्टे तपासले. समोरचा नागपूरकडचा होता, मध्यम उंचीचा, उजव्या हाताचा जड. त्याचा पट्टा जरा वर होता तो मी खाली घ्यायला लावला. आवाज चढवून लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

पहिल्या राऊंडलाच माझ्या लक्षात आलं. तो वाकत नव्हता. समोरच्याचा उजवा हात यायचा, त्याचे गुडघे सवयीनं हलायचे आणि मधेच थांबायचे. त्या थांबण्याच्या क्षणी तो माझ्याकडे बघायचा. एक नजर, बस्स. आणि ठोसा त्याच्या गालावर बसायचा. ज्या माणसाला वाकणं सोडून दुसरं काही येत नव्हतं त्याला मी सरळ उभं राहायला शिकवलं होतं.

दुसऱ्या राऊंडला त्याचा कोच खालून ओरडत होता, "बस रे खाली! बस!" त्यानं ऐकलं नाही. कोचचं ऐकून मागच्या वेळी गुण गेला होता. माझं ऐकायला हवं हे तो शिकला होता. मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि माझ्या मनात एकच शब्द होता, वाक. रेफरी टोकू शकतो, थांबवू शकतो, मोजू शकतो. खेळाडूला कसं खेळायचं ते सांगू शकत नाही. तसा नियमच आहे, आणि योग्य नियम आहे. दहा महिन्यांपूर्वी दुकानात तो मोडायला मला काही वाटलं नव्हतं. इथे मात्र मी तो पाळला. उजवा हात येत राहिला.

तिसऱ्या राऊंडनंतर मी डॉक्टरला त्याचा डोळा दाखवला. डॉक्टर म्हणाले, अजून एक बघू. चौथ्याला त्याच्या नाकातून रक्त आलं, पाय जागच्या जागी रुतल्यासारखे झाले, तरी पाठ ताठ. अर्धा राऊंड व्हायच्या आत मी मधे शिरलो आणि सामना थांबवला. त्याला धरलं तेव्हा त्याचं अंग तापल्यासारखं गरम होतं. मंडपातले लोक मला शिव्या देत होते, खेळू द्या म्हणत होते. मला त्या बऱ्या वाटल्या.

कोपऱ्यात त्याला स्टुलावर बसवलं. कोच माझ्याकडे न बघता बर्फ लावत होता. मी तिथून जायला हवं होतं, पंचांचे कागद गोळा करायचे होते. मी गेलो नाही. त्याच्यासमोर खाली बसलो, म्हणजे त्याच्या चांगल्या डोळ्याला मी दिसेन. म्हटलं, माझं चुकलं. मागच्या वेळी चूक तुझी नव्हती, माझी होती. हे मी इतक्या हळू म्हटलं की मंडपातल्या गोंगाटात मलाच धड ऐकू आलं नाही.

त्याला ऐकू गेलंच नाही. तो फुटलेल्या ओठातून काहीतरी विचारत होता. मी कान जवळ नेला.

"सर," तो म्हणाला, "आज मी एक खेपबी खाली नाही गेलो न?"